पुण्याच्या उपनगरांतली भारीतली रेस्टॉरंट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, येरवडा, विमाननगर, मुंढवा, आणि तिकडे बाणेर, बालेवाडी, वाकड, हिंजवडी, चिंचवड, या सगळ्या पट्ट्यातल्या जरा महागड्या पण जाण्यासारख्या ठिकाणांबद्दल जे प्रश्न लोक सारखे पाठवतात ते इथे एकत्र केलेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही, जिथे दुसऱ्या प्रश्नाशी संबंध येतो तिथे त्याचा नंबर टाकलाय.

१. "भारीतलं" म्हणजे तुम्ही नेमकं काय धरता? नुसतं महाग असलं की झालं का?

नाही. महाग तर मॉलमधला पिझ्झा पण असतो. इथे तीन गोष्टी बघितल्यात. एक म्हणजे किचनला स्वतःची अशी एखादी गोष्ट जमते का जी घरी किंवा कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिळणार नाही, दुसरं म्हणजे वाढणाऱ्या माणसाला मेनू माहितीये का, आणि तिसरं म्हणजे दोन तास शांतपणे बसून बोलता येतं का. म्युझिक इतकं मोठं की समोरच्याला ओरडून सांगावं लागतं अशी ठिकाणं दिसायला कितीही सुंदर असली तरी यादीत घेतलेली नाहीत. सेनापती बापट रोडचं जेडब्ल्यू मॅरियट, तिथलं गच्चीवरचं पाशा वगैरे चांगलंच आहे पण ते उपनगरात मोडत नाही म्हणून ते बाजूला ठेवलंय.

२. आम्ही अशा ठिकाणी कधीच गेलो नाही, सुरुवात कुठून करू?

डायरेक्ट फाइव्ह स्टारला जाऊ नका असं माझं मत आहे, कारण पहिल्याच वेळी लॉबी, व्हॅले पार्किंग (हॉटेलचा माणूस गाडी घेऊन लावतो ती सोय), जाडजूड मेनू या सगळ्यातच अर्धं लक्ष जातं आणि जेवणाची मजा राहते बाजूला. कोरेगाव पार्कमधलं मलाका स्पाइस सुरुवातीला एकदम योग्य. १९९७ पासून चालू आहे, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, व्हिएतनाम अशा देशांचं जेवण, भिंतींवर चित्रं लावलेली असतात, वातावरण मोकळं असतं आणि कुणी तुमच्याकडे "हे इथे कसे आले" अशा नजरेने बघत नाही. आपल्याला नारळ, लसूण, मिरची, चिंच या चवी लहानपणापासून माहितीच आहेत, त्यामुळे तिकडची करी पहिल्या घासाला परकी वाटत नाही.

दुसरं नाव सव्य रस, हे पण कोरेगाव पार्कमध्येच. दक्षिण भारताच्या सात प्रदेशांचं जेवण आहे, चेट्टिनाड, कोंगुनाड, मलबार, नसरानी (केरळच्या सीरियन ख्रिश्चनांचं), मंगळूर, म्हैसूर आणि नेल्लोर. साउथ इंडियन म्हणजे इडली-डोसा इतकंच डोक्यात असेल तर इथे ते चित्र पूर्ण बदलतं. आप्पम आणि स्टू, केळीच्या पानात भाजलेला मासा, शेवटी शहाळ्याचं पायसम. माझ्या मते पुण्यात पैसे देऊन काहीतरी नवीन शिकल्यासारखं वाटतं अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे.

३. दोघांचा खर्च साधारण किती धरायचा?

दारू न घेता स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये दोघांचे दीड ते तीन हजार आणि फाइव्ह स्टारमध्ये चार हजारांच्या पुढेच धरून चला. ड्रिंक्स घेतली की हिशोब सहज दुप्पट होतो. दुपारी गेलात तर बऱ्याच ठिकाणी सेट लंच मिळतं, तेच किचन, तेच शेफ आणि बिल बरंच कमी, त्यामुळे बजेट ताणून जात असाल तर वीकडेची दुपार गाठा. मेनूवरचे आकडे टॅक्स सोडून असतात, आणि टॅक्स सगळीकडे सारखा नसतो, ते प्रश्न १५ मध्ये सविस्तर लिहिलंय.

४. टेबल बुक करावंच लागतं का? आयत्या वेळी गेलं तर?

सोमवार ते गुरुवार बहुतेक ठिकाणी आयत्या वेळी टेबल मिळतं. शुक्रवार-शनिवार रात्र आणि रविवार दुपारसाठी मात्र दोन-तीन दिवस आधी फोन करा. फोनच करा असं मुद्दाम सांगतोय, ॲपवरून बुकिंग होतं पण खिडकीजवळचं टेबल हवंय, सोबत व्हीलचेअर आहे, स्पीकरच्या खाली बसवू नका, हे सगळं फोनवरच नीट सांगता येतं. शिवाय पुण्यात ठिकाणं बंद होतात, नाव बदलतात, जागा बदलतात, ते पण फोनवरच कळतं आणि मुंढव्यापर्यंतची चक्कर वाचते. बुकिंग करून पंधरा-वीस मिनिटांपेक्षा उशीर होणार असेल तर तसं कळवा, नाहीतर गर्दीच्या दिवशी ते टेबल दुसऱ्याला देतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

५. कपड्यांचं काय? चप्पल चालते का?

साडी, सलवार-कुर्ता, झब्बा, साधा शर्ट-पँट सगळं चालतं. फाइव्ह स्टारच्या रात्रीच्या रेस्टॉरंट्समध्ये आणि काही बारमध्ये पुरुषांना शॉर्ट्स आणि रबरी चप्पल घालून आत घेत नाहीत. सूट-बूट कुठेच लागत नाही.

६. आई-बाबांना, आजीला न्यायचंय. त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही असं कुठे जावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात जास्त जवळचा पण हाच आहे. लोक आधी जागा ठरवतात आणि मग घरच्यांना तिथे बसवतात. उलटं करायला पाहिजे, आधी बघा कोण कोण येणार आहे आणि मग जागा ठरवा. सत्तरीतल्या माणसाला उंच बार स्टूल नको असतं, मेणबत्तीच्या उजेडात मेनू वाचता येत नाही, रात्री साडेनऊला जेवायला बसवलं तर झोप आणि पित्त दोन्हीचा त्रास होतो, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे मेनूवरचे आकडे दिसले की त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

म्हणून दुपारी न्या. भारतीय जेवण असलेलं ठिकाण बघा, म्हणजे निदान अर्धा मेनू ओळखीचा असतो. कोरेगाव पार्कजवळच्या वेस्टिन हॉटेलमधलं कंगन चांगलं आहे, वायव्य सरहद्दीकडचं जेवण, डाळ, कबाब, रोटी, हे सगळं मऊ आणि संथ शिजवलेलं असतं म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या दातांना झेपतं, पण ते दुपारी चालू असतं का ते आधी विचारा, कारण अशी खास रेस्टॉरंट्स बऱ्याचदा फक्त रात्रीच उघडतात. तसं असेल तर सात वाजता, उघडल्या उघडल्या जा, तेव्हा गर्दीही नसते. येरवड्याच्या गोल्फ कोर्सजवळ रिट्झ-कार्लटनमध्ये आसमाना नावाचं भारतीय रेस्टॉरंट आहे, वरच्या मजल्यावर असल्यामुळे गोल्फ कोर्सची हिरवळ दिसते, पण ते महागात जातं, साठी-पंच्याहत्तरी सारख्या प्रसंगाला ठेवावं असं.

बुक करताना तीन गोष्टी विचारा. लिफ्ट थेट रेस्टॉरंटच्या मजल्यापर्यंत जाते का, पाठ टेकायला नीट खुर्ची आहे का, आणि वॉशरूम किती लांब आहे. गरम पाणी मागितलं तर आणून देतात, मीठ-तिखट कमी सांगितलं तर करतात, लाजू नका, त्याचेच पैसे देतोय आपण. आणि बिल तुमच्या हातातच येईल असं आधीच वाढप्याला सांगून ठेवा. बऱ्याच मोठ्या हॉटेलांत पाहुण्यांसाठी किमती नसलेला मेनू पण असतो, तो फोनवर मागून बघा.

७. लग्नाचा वाढदिवस आहे, दोघंच जाणार. कुठे?

कोरेगाव पार्कमधलं आर्थर्स थीम हे जुनं आणि छोटेखानी युरोपियन रेस्टॉरंट आहे, पदार्थांना इतिहासातल्या व्यक्तींची नावं दिलीत, दोघांना निवांत बसायला छान. इटालियन आवडत असेल तर वेस्टिनमधलं प्रेगो. उघड्यावर बसायचं असेल तर कल्याणीनगरच्या हयातमधलं बान ताओ, आशियाई जेवण आहे आणि शेजारीच आगाखान पॅलेस, त्यामुळे संध्याकाळी लवकर निघून आधी तिथल्या झाडांत एक चक्कर मारून मग जेवायला जाता येतं, फक्त पॅलेस संध्याकाळी बंद होतो त्याची वेळ बघून ठेवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बाहेर बसायला मस्त, एप्रिल-मेमध्ये आतलं टेबल घ्या.

८. आमच्या घरात पक्के शाकाहारी आहेत. पैसे भरून पनीरच खायचं का?

अजिबात नाही. कोरेगाव पार्कला ओशो आश्रमाशेजारी हॉटेल सुंदरबनमध्ये दारियोज आहे, पूर्ण शाकाहारी इटालियन. मांसाहारी किचनमध्ये एका कोपऱ्यात बनवलेलं शाकाहारी आणि मुळापासूनच शाकाहारी विचार करून बनवलेलं यात फरक कळतो, पास्ता, रिसोतो, सॅलड, सगळ्यात. सव्य रसमध्येही शाकाहाऱ्यांना भरपूर आहे.

पण पक्के शाकाहारी असाल तर काही गोष्टी माहिती पाहिजेत, कारण नुसतं "व्हेज आहे ना" विचारून भागत नाही. थाई करीची पेस्ट पारंपरिक पद्धतीने केली तर त्यात आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असते आणि वरून फिश सॉस घालतात, भाज्या घातल्या म्हणजे ती शाकाहारी झाली असं नाही. जपानी मिसो सूपचा बेस दाशी, तो वाळवलेल्या माशाचा असतो. व्हिएतनामी डिपमध्ये फिश सॉस. इटालियनमध्ये खरं पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध घट्ट करणारा पदार्थ) लावतात, त्यामुळे ते पण तांत्रिकदृष्ट्या शाकाहारी नाही, आणि बेसिलच्या पेस्तोमध्ये तेच चीज असतं. तिरामिसूत अंडं असतं, मूस आणि पन्ना कोटात जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) असू शकतं.

चांगल्या ठिकाणी या सगळ्याचा शाकाहारी पर्याय करतात, वेगळी पेस्ट ठेवतात, मशरूमचा स्टॉक वापरतात. फक्त ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगायचं की मासळीचा सॉस, अंडं, जिलेटिन, रेनेट काहीच नको. ज्या वाढप्याला हा प्रश्न कळला आणि तो आत जाऊन विचारून आला, ते ठिकाण चांगलं समजा. "हो हो सगळं व्हेज आहे" असं उभ्या उभ्या म्हणाला तर दुसरं काहीतरी मागवा.

श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी अर्धी मंडळी नॉनव्हेज खाणारी आणि अर्धी न खाणारी असं होतं, तेव्हा मात्र मलाका स्पाइससारखी मिक्स जागा सोयीची पडते.

९. जैन जेवण मिळतं का?

भारतीय आणि इटालियनमध्ये मिळतं, पण बुक करतानाच सांगा. थाई-चायनीजमध्ये कांदा-लसूण पेस्टमध्येच वाटलेला असतो त्यामुळे तिथे पर्याय फार कमी उरतात. बाकी वर ८ मध्ये आहेच.

१०. सुशी खाऊन बघायचीये पण कच्च्या माशाची भीती वाटते. आणि चॉपस्टिक्स धरता येत नाहीत.

रिट्झ-कार्लटनमधलं उकियो हे खास जपानी रेस्टॉरंट आहे, आणि कोरेगाव पार्कला लागूनच मंगलदास रोडवरच्या कॉनराडमध्ये कोजी आहे, तिथे जपानीबरोबर बाकी आशियाई पण आहे. कच्चं नको असेल तर शिजवलेल्या कोळंबीची, तेंपुराची (पिठात बुडवून तळलेल्या कोळंबी-भाजीची) किंवा ॲव्होकाडो-काकडीची रोल सुशी घ्या, ती पण सुशीच. भाताला व्हिनेगर, साखर, मीठ लावलेलं असतं, सुशीची खरी परीक्षा त्या भातात असते, तो थंडगार आणि घट्ट लागला तर किचनचा हात कच्चा आहे. गरोदर बायकांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चा मासा टाळावा.

चॉपस्टिक्सचं टेन्शन घेऊ नका, सुशी हाताने खाणं जपानमध्ये पण रीतीला धरूनच आहे. हिरवा वसाबी तांदळाच्या दाण्याएवढाच लावा, तो मिरचीसारखा जिभेवर लागत नाही, डायरेक्ट नाकात चढतो.

११. आम्ही बाणेर-वाकड-हिंजवडीत राहतो, दरवेळी कोरेगाव पार्कला कोण जाणार? इकडे काही आहे का?

आहे, पण वेगळ्या प्रकारचं आहे. पूर्वेला स्वतंत्र, वर्षानुवर्षं चाललेली रेस्टॉरंट्स जास्त आहेत, पश्चिमेला आयटीच्या लोकांसाठी वाढलेली हॉटेलं जास्त. मलाका स्पाइसची बाणेरला शाखा आहे, ती माझी पहिली शिफारस. वाकडच्या हायवेजवळचं सयाजी आणि हिंजवडीचं कोर्टयार्ड मॅरियट इथे बफे चांगले असतात, चिंचवडला डबलट्री हिल्टनमध्ये थ्री स्पायसेस आहे. बालेवाडी हाय स्ट्रीटला एका ओळीत भरपूर ठिकाणं आहेत पण तिथे रात्री आवाजाचा भाग जास्त, मित्रांबरोबर ठीक, आजीबरोबर नको. २०२३ मध्ये वाकडला फिनिक्सचा मिलेनियम मॉल सुरू झाला तेव्हापासून तिकडे पण पर्याय वाढलेत.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हिंजवडीकडची बिझनेस हॉटेलं सोमवार ते गुरुवार ऑफिसच्या पाहुण्यांनी भरलेली असतात आणि वीकेंडला रिकामी होतात, त्यामुळे शनिवार-रविवारी तिथे निवांत टेबल मिळतं आणि ऑफर पण बऱ्या असतात. रस्ता पण तेव्हाच मोकळा असतो. वीकडेला संध्याकाळी सहा ते नऊ हिंजवडीत जेवायला जाण्याचा विचारही करू नका.

१२. बफे घ्यावा की मेनूमधून मागवावं?

आठ-दहा जण, वेगवेगळ्या आवडीनिवडी, लहान मुलं, असं असेल तर बफे. चार जणांपर्यंत असाल तर मेनूमधून मागवा, कारण बफेतलं जेवण कितीही चांगलं असलं तरी तासभर गरम ठेवलेलंच असतं, आणि किचनचा खरा हात ताज्या केलेल्या एका डिशमध्ये दिसतो.

अपवाद संडे ब्रंचचा. वेस्टिन, रिट्झ-कार्लटन वगैरेंचे रविवारचे ब्रंच मोठे असतात, समोर बनवून देणारे काउंटर असतात, तिथे पैसे वसूल होतात, पण त्यासाठी पद्धत पाहिजे. भात, नान, पास्ता यांनी पोट भरायचं नाही. आधी थंड काउंटर, सॅलड, चीज, मासे, मग लाइव्ह काउंटरवरची एखादी-दुसरी गोष्ट, मग अर्धा तास गप्पा, आणि मग गोड. ब्रंचचा दर विचारताना ड्रिंक्ससह आणि ड्रिंक्सशिवाय असे दोन्ही दर विचारा, फरक मोठा असतो.

१३. लहान मुलांचे पूर्ण पैसे घेतात का?

बफेला साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत फुकट आणि बारापर्यंत अर्धा दर अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पण वयाची रेषा प्रत्येकाची वेगळी, फोनवर विचारा. बार असलेल्या काही जागांत रात्री ठरावीक वेळेनंतर मुलांना घेत नाहीत.

१४. एवढ्या सगळ्या यादीत मराठी जेवण कुठेच कसं नाही?

हे मलाही खूप लागतं. पुण्यात चांगलं मराठी जेवण हवं तर आपण आपटे रोडच्या श्रेयसला जातो, टिळक रोडच्या दुर्वांकुरला जातो, मटण खायचं तर कोल्हापुरी थाळी शोधतो, आणि या सगळ्या जागा आपापल्या परीने उत्तमच आहेत. पण उपनगरातल्या मोठ्या हॉटेलांत मराठी जेवण म्हणजे बफेच्या एका टोकाला भरली वांगी किंवा पिठलं-भाकरीचं मडकं, नाहीतर महाराष्ट्र दिनाच्या आसपास एक फूड फेस्टिव्हल.

सव्य रसने जे दक्षिणेच्या सात प्रदेशांचं केलं ते आपल्याकडे सहज होऊ शकतं. मालवणचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, सीकेपी खिमा पॅटिस, पाठारे प्रभूंचं भुजणं, वऱ्हाडातलं वडा-भात, खानदेशी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी, सोलापूरची शेंगा चटणी, देशस्थांची कटाची आमटी, इतकं सगळं आहे आणि प्रत्येकाचा मसाला वेगळा, हात वेगळा. लोक म्हणतात घरी मिळतं त्यासाठी बाहेर कोण पैसे देईल. कोकणातल्या माणसाच्या घरी शेवभाजी कुठे होते, आणि जळगावकडच्या घरात तिखलं कुठे होतं? तुम्ही मोठ्या ठिकाणी जाल तेव्हा फीडबॅकच्या कागदावर मराठी पदार्थांची मागणी नक्की लिहा, मेनू बदलताना हे कागद बघितले जातात.

१५. एका हॉटेलात ५% जीएसटी लागला आणि दुसऱ्यात १८%, फसवलं का?

नाही, दोन्ही बरोबर असू शकतं. स्वतंत्र रेस्टॉरंटला ५%. ज्या हॉटेलात रूमचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला १८%. १ एप्रिल २०२५ पासून हे आदल्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावरून ठरतं, किंवा हॉटेलने स्वतःहून तसं जाहीर केलं असेल तर. म्हणजे तुम्ही रूम घेतली नसली, नुसतं जेवून आलात तरी १८%. ४,००० रुपयांच्या जेवणावर एकीकडे २०० आणि दुसरीकडे ७२० रुपये, म्हणजे ५२० चा फरक, खर्चाचा अंदाज बांधताना हे धरा. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, म्हणून बिलात दोन वेगळे भाग दिसतात.

१६. सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हॉटेलांनी तो बिलात आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते कायम ठेवलं. बिलात दिसला तर शांतपणे काढायला सांगा, बहुतेक ठिकाणी लगेच काढतात. दुसऱ्या नावाने लावलेला असला तरी नियम तोच. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण एक मनापासून सांगतो, चार्ज काढला आणि सेवा चांगली मिळाली असेल तर ज्याने वाढलं त्याच्या हातात टिप नक्की द्या. जेवणाच्या रकमेच्या पाच ते दहा टक्के आपल्याकडे व्यवस्थित मानले जातात.

१७. पाण्याच्या बाटलीवर एमआरपी ६० आणि बिलात दीडशे. हे कसं चालतं?

डिसेंबर २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार हॉटेल-रेस्टॉरंटला बाटली एमआरपीपेक्षा जास्त दराने विकता येते, कारण तिथे नुसती वस्तूची विक्री नसते, बसण्याची आणि वाढण्याची सेवा पण त्यात धरली जाते. म्हणून त्यावर वाद घालून उपयोग नाही. बसल्या बसल्या "साधं पाणी" म्हणा, फिल्टरचं पाणी आणून देतात. आधी काही बोलला नाहीत तर बाटली उघडली जाते आणि मग पैसे द्यावेच लागतात.

१८. ड्रिंक्ससाठी वयाची अट काय? माझा मुलगा २२ चा आहे.

महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१, बाकी दारूसाठी २५. म्हणजे मुलगा तुमच्यासोबत एक ग्लास वाइन घेऊ शकतो, व्हिस्की नाही, आणि तुम्ही शेजारी बसलात म्हणून नियम बदलत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या पोर्श गाडीचा जो अपघात झाला त्यानंतर या पट्ट्यात ओळखपत्र बघण्याची पद्धत कडक झालीये आणि ते योग्यच आहे, त्यामुळे तरुण दिसणाऱ्यांनी आधार किंवा लायसन्स जवळ ठेवा. कायद्याने पिण्याचा परवाना लागतो, नसेल तर एका दिवसाचा परवाना रेस्टॉरंटमध्येच मिळतो. गांधी जयंती, मतदानाच्या आसपासचे दिवस आणि गणपती विसर्जन यांना ड्राय डे धरून चला, जेवण चालू असतं फक्त बार बंद.

बिअरची आवड असेल तर पुणे त्यासाठी चांगलं शहर आहे, देशातल्या सुरुवातीच्या क्राफ्ट मायक्रोब्रूअरींपैकी (जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या ठिकाणांपैकी) एक असलेली डूलाली २००९ मध्ये इथेच सुरू झाली. मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी आहे, पण ते पार्टीचं वातावरण, शांत जेवणाच्या यादीत ते बसत नाही.

१९. घेतल्यावर घरी कसं जायचं? आणि एरवी पण पार्किंगचं काय?

घेतलीये तर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, यात पुढे काही चर्चा नाही. ड्रायव्हर ॲपवरून बोलवा, किंवा कॅब. फाइव्ह स्टारमध्ये सांगितलं तर ड्रायव्हरची सोय करून देतात. कोरेगाव पार्कच्या लेनमध्ये पार्किंग अवघड आहे आणि नो पार्किंगमधली गाडी उचलतात, म्हणून व्हॅले असेल तर तीच वापरा.

मेट्रोचा पर्याय लोक विसरतात. वनाझ-रामवाडी लाइन मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत गेली, म्हणजे कोथरूड-डेक्कनकडच्यांनी बंड गार्डन, कल्याणीनगर किंवा रामवाडीला उतरून पुढे रिक्षा करायची. नगर रोडवरच्या विमाननगरच्या हयात रीजन्सीला, तिथल्या इटालियन ला तेराझाला किंवा फिनिक्स मार्केटसिटीला जायचं तर रामवाडी जवळ. येतानाच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र जेवायला बसण्याआधीच बघून ठेवा.

२०. ॲपवरची ५०% सूट खरी असते का?

असते, पण बारीक अक्षरं वाचा. स्विगी डाइनआउट, झोमॅटोचं डिस्ट्रिक्ट, ईझीडाइनर यांच्यावर सूट बऱ्याचदा ठरावीक वेळेला, ठरावीक रकमेपर्यंत किंवा ठरावीक बँकेच्या कार्डवरच असते, बफे, सेट मेनू आणि दारू वगळलेली असते. बिल ॲपमधूनच भरावं लागतं, आधी कार्ड स्वाइप केलं तर सूट गेली. ऑर्डर देण्याआधी वाढप्याला ऑफर दाखवून "ही आज चालू आहे ना" असं विचारून घ्या. वर्षातून पाच-सहा वेळा एकाच ग्रुपच्या हॉटेलांत जात असाल तर क्लब मॅरियटसारखी मेंबरशिप परवडते, त्याहून कमी जात असाल तर नको.

२१. उरलेलं बांधून देतात का? आणि केक स्वतःचा नेला तर?

मेनूमधून मागवलेलं आनंदाने बांधून देतात, मागायला कसलाही संकोच नको. बफेतलं कुठेच देत नाहीत. स्वतःचा केक बऱ्याच ठिकाणी चालतो पण कापून वाढण्याचे वेगळे पैसे घेऊ शकतात. आधी सांगितलं तर बरीच रेस्टॉरंट्स छोटा केक किंवा डेझर्टवर नाव लिहून स्वतःहूनच देतात, तेव्हा दोन केक होऊन बसायच्या आधी विचारा.

२२. मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आशियाई ठिकाणी न्यावं का?

जपून. साते सॉस, पॅड थाई, काही इंडोनेशियन सॅलड, खाओ स्वे या बर्मी नूडल्सवर टाकायचं कुरकुरीत, या सगळ्यात शेंगदाणे असतात, आणि पदार्थात नसले तरी तीच कढई, तेच तेल, तोच खलबत्ता वापरलेला असू शकतो. त्रास फक्त अंगावर पुरळ येण्याइतका असेल तरी डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि श्वास अडकण्याइतका तीव्र असेल तर आशियाई किचन टाळाच, इटालियन त्यातल्या त्यात बरं, पण तिथेही पेस्तो आणि डेझर्टमध्ये सुकामेवा असतो म्हणून विचारावं लागतंच. बुक करताना सांगा, बसल्यावर परत सांगा, आणि वाढप्यावर न थांबता शेफला किंवा मॅनेजरला टेबलवर बोलवा. फाइव्ह स्टारमध्ये बोलावलं की शेफ बाहेर येतात, वेगळं भांडं वापरून करून देतात, आणि माझ्या मते जास्तीचे पैसे देण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. औषध घरी ठेवून निघू नका, ते पर्समध्येच पाहिजे, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नाही, कारण गाडी व्हॅलेवाल्याकडे असते.